तीन जाहीरनामे, एक खोली

३ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

पाय कसा आहे हे आधी विचारून घेते, कारण पुढे सगळं कामाचंच आहे. नाहीतर तुम्ही म्हणाल, वहिनीला गरजेपुरतीच नणंद आठवते. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तुम्ही 'हं, हं' करता आणि चार दिवसांनी 'असं मी कधी म्हणाले?' म्हणून मलाच विचारता. कागदावर असलेलं बरं.

आमची बिल्डिंग विकली गेली. कुणाला ते कुणी सांगत नाही. जिन्यात एक नोटीस लागलीय, तिच्यावर सही आहे पण नाव नाही. आणि योगायोग बघा, नोटीस लागली त्याच आठवड्यात तिन्ही पक्षांची माणसं जिना चढून आली. एरवी पाच वर्षांत एकाचाही पाय या पायऱ्यांना लागत नाही. तिघेही म्हणतात, परवडणारी घरं देऊ. कुणाला परवडणारी, कुठे, आणि तोवर आम्ही कुठे राहायचं, असं विचारलं की 'ताई, विश्वास ठेवा'. मी शिवणकाम करते, वन्सं. 'कापड आटणार नाही, विश्वास ठेवा' म्हणणाऱ्या दुकानदाराचं कापड मी आधी पाण्यात घालते.

तर ठरलं असं की छत्तीसच्या छत्तीस खोल्यांनी मिळून एकाच पक्षाला पाठिंब्याचं पत्र द्यायचं, सगळ्यांच्या सह्यांनिशी. पण त्या पत्रात आमच्या बिल्डिंगसाठी त्यांची योजना आम्हाला मान्य आहे, असंही लिहून द्यावं लागणार. म्हणजे सही चुकली तर घर गेलं. तिघांची तुलना करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. का, तर मी कुठल्याच पक्षाची नाही. माझ्याकडे तिन्ही पक्षवाल्यांच्या पँटी उसवून येतात आणि तिघांच्याही शिवणी सारख्याच सुटतात. दुसरं कारण तुम्ही. तिन्ही जाहीरनामे तुमच्याच छापखान्यात छापले जातात हे मी एकदा बोलून गेले होते, ते तळमजल्यावरच्या कंडक्टरने बरोबर लक्षात ठेवलं. तेव्हा घरांबद्दल कोण काय म्हणतोय ते तीन रकाने पाडून लिहून पाठवा. मी मोठ्या अक्षरात उतरवून जिन्यात लावेन. मतदान एकवीस मार्चला आहे.

आणि एक. मागच्या पत्रात तुम्ही विचारलं होतं, खोलीच्या कागदावर नाव कुणाचं आहे. अजून सासूबाईंचंच आहे, त्याखाली यांचं चढवलंय. दोघंही गेली. तुम्ही त्या घरची लेक, मी सून. का विचारलंत? मी आपलं सहज विचारतेय, तुम्ही सहज विचारलंत तसं.

तुमची,
वहिनी

११ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पाय ठीक आहे. जिना उतरताना कुरकुरतो, पण ते तर मीही करते.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मजकुरासाठी आणि दुसऱ्यांदा चुकांसाठी, सवयच आहे ती. चुका तीन, संशय पुष्कळ.

पक्षांची नावं लिहीत नाही. इथे छापखान्यात आमच्या खोलीत तिघांची माणसं एकाच बाकावर पाठी वळवून बसतात आणि एकाच किटलीतला चहा पितात, त्यामुळे आम्ही मुद्रितशोधकांनी त्यांना आमची नावं ठेवलीत. शहाण्णव पानांवाले ते जाडे. चकचकीत कागद आणि दर दुसऱ्या पानावर हसणारं कुटुंब, ते गुळगुळीत. आणि एका कागदाच्या चार घड्या घालून काम भागवणारे घडीवाले. गंमत म्हणजे गुळगुळीतांचं ते हसणारं कुटुंब घडीवाल्यांच्या कागदावरही आहे, फक्त उलटं फिरवलंय. बाप डावीकडचा उजवीकडे गेलाय. दोघांनाही कळलेलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

आता तुझे रकाने. जाडे म्हणतात, जुन्या इमारतींचं भाडं आहे तसंच राहील, दुरुस्ती सरकार करेल, आणि सरकारी जमिनीवर भाड्याची नवी घरं बांधू. भाडं कुटुंबाच्या कमाईच्या चौथ्या हिश्शावर जाणार नाही. ऐकायला गोड आहे. पण दुरुस्तीचा पैसा कुठून येणार, यावर शहाण्णव पानांत एक ओळ नाही. वर हीच वाक्यं मागच्या निवडणुकीतही होती. मीच तपासली होती, तेव्हाची स्वल्पविरामाची चूकसुद्धा तशीच परत आलीय. तुझा जिना गेल्या पाच वर्षांत कुणी दुरुस्त केला का, तूच सांग.

घडीवाले म्हणतात, इमारतींना नव्हे, माणसांना मदत करू. दरमहा ठरावीक रक्कम तुझ्या हातात, तू हवं तिथे राहा. पण पाच वर्षांत भाड्यावरची मर्यादा उठवणार. म्हणजे मदत राहील तेवढीच आणि भाडं पळेल पुढे. स्वस्त घरं बांधणार आहेत ती शहराबाहेर, शेवटच्या बस-थांब्याच्याही पलीकडे. निदान लपवत नाहीत.

गुळगुळीत म्हणतात, जुन्या इमारती पाडू, त्याच जागी उंच इमारत बांधू, सध्या राहणाऱ्या भाडेकरूला तिथेच मालकीचं घर देऊ. वरची घरं विकून खर्च काढणार, म्हणजे पैसा कुठून येणार हेही सांगितलंय. बांधकाम होईपर्यंत दुसरीकडच्या भाड्याची सोयही आहे.

मला विचारशील तर गुळगुळीत. सह्या लवकर करा, आधी पाठिंबा देणाऱ्या इमारतींना आधी घेणार आहेत म्हणे. आणि पाडकाम सुरू झालं की दोन-तीन वर्षं कुठे जाऊ, हा घोर लावून घेऊ नकोस. माझी मधली खोली रिकामीच असते.

नाव कुणाचं ते सहजच विचारलं होतं गं.

तुझी,
वन्सं

१९ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

तुमचे रकाने जिन्यात लागले. जाडे, गुळगुळीत, घडीवाले ही नावं इतकी आवडलीत की आता कुणी खरी नावं घेतच नाही. परवा गुळगुळीतांचा कार्यकर्ता आला तर वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, 'घसरू नका!' त्याला काही कळलं नाही.

पण हसणं तेवढंच. एरवी इथे जो तो दुसऱ्याकडे वाकड्या नजरेने बघतोय. कंडक्टरने नवे बूट घेतले तर कुणी दिले म्हणून चर्चा. रिटायर झालेले मास्तर जाड्यांच्या सभेला जाऊन आले तर त्यांच्याशी दोन दिवस कुणी बोललं नाही. ते बिचारे म्हणे पंखा होता म्हणून बसले. आणि माझ्याबद्दल म्हणतात, हिच्या नणंदेचा छापखाना गुळगुळीतांच्या कामावर चालतो. ते तोंडावर म्हणत नाहीत. मी जिना चढायला लागले की बोलणं थांबतं, त्यावरून कळतं.

तरी गुळगुळीतांच्या पत्रावर तेवीस सह्या झाल्यात. माझी अजून नाही.

आता स्पष्टच लिहिते. कोट दुरुस्तीला आला की मी तो आधी उलटा करते. वरून कितीही छान असो, आत कुठेतरी टाका सुटलेला असतो, अस्तर ओढलेलं असतं. तुम्ही जाड्यांचा कोट उलटा करून दाखवलात. घडीवाल्यांचाही केलात. गुळगुळीतांचा वरूनच दाखवलात. त्यांचं वाईट एका ओळीनेही नाही? ज्या वन्संना लग्नाच्या जेवणातसुद्धा मीठ कमी लागतं त्यांना अख्ख्या पक्षात काही खटकलं नाही? कुठेतरी पाणी मुरतंय.

त्यांचा जाहीरनामाच पाठवून द्या. एक प्रत. मी वाचते.

आणि मधल्या खोलीचं तुम्ही सहज नाही, पत्राच्या शेवटी मुद्दाम जागा करून लिहिलंत. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? नव्या घरावर नाव कुणाचं लागेल, याचा काही विचार तुमच्या मनात असेल तर बोलून टाका. आपण दोघीच उरलोय, तिसरं कोणी ऐकायला नाही.

वहिनी

२४ फेब्रुवारी

वहिनी,

प्रत पाठवता येणार नाही. प्रकाशन पाच मार्चला आहे. रकाने माझ्या शब्दांत होते, पण त्याआधी छापील एक पान बाहेर गेलं तरी माझी नोकरी जाईल.

तू माझ्यावर संशय घ्यावास याचं वाईट वाटलं. एकतीस वर्षं हे काम करतेय. औषधांच्या चिठ्ठ्या वाचल्या, शाळेची पुस्तकं वाचली, तुरुंगाची नियमावली वाचली. एकतीस वर्षांत माझ्या हातून एक ओळ गळलेली नाही. छापखान्यात कुणालाही विचार.

जाड्यांच्या माणसांचे कपडे शिवतेस, त्यांनीच काही भरवलेलं दिसतंय तुला. पाच तारखेची वाट बघत बसू नका, सही करून टाक.

मधल्या खोलीला पडदे लावले. रंग तुला विचारायला हवा होता.

वन्सं

६ मार्च

वन्सं,

प्रकाशन काल झालं. दुपारी गुळगुळीतांची माणसं बिल्डिंगमध्ये प्रती वाटून गेली. सगळ्यांच्या सह्या होईनात म्हणून संध्याकाळी आहे तेच तेवीस सह्यांचं पत्र त्यांच्या कार्यालयात द्यायचं होतं. दुसऱ्या मजल्यावरची नर्स जिन्यात उभ्याने पानं चाळत होती. तिला औषधाच्या बाटलीवरचं बारीक वाचायची सवय, तशी ती चौदाव्या पानाच्या तळाशी गेली आणि मोठ्याने वाचायला लागली.

तुम्हाला सांगायला नको, तुम्ही वाचलंय. तरी लिहिते. मालकीचं घर त्यालाच, जो गेली तीन वर्षं सलग राहिला. या तीन वर्षांत खोली एकूण नव्वद दिवसांपेक्षा जास्त बंद असेल तर हक्क संपला. बंद होती की नाही ते विजेच्या मीटरवरून ठरवणार.

गेल्या वर्षी तुमच्या पायाचं हाड मोडलं तेव्हा मी तुमच्याकडे साडेचार महिने होते. मशीनसुद्धा तिकडे आणलं होतं. माझा मीटर तेवढे दिवस हललेला नाही. तुम्हाला उठवून बसवलं, न्हाऊ घातलं, चालायला शिकवलं, त्या दिवसांनी माझं घर जाणार. आणि हे ज्यांना सगळ्यात आधी कळलं त्या तुम्ही, 'सही करून टाक' लिहिता.

एकतीस वर्षांत ओळ गळली नाही असं तुम्हीच लिहून दिलंयत, ते पत्र माझ्यासमोर आहे. म्हणजे ही गळलेली नाही. तुम्ही काढून टाकलीत. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी चूक म्हणून सोडून दिलं असतं.

आणि मी एकटीच नाही हो. नर्स सहा महिने दुसऱ्या गावी कामाला होती. कंडक्टरची आई वर्षातले चार महिने लेकीकडे असते, तिच्या खोलीला कुलूप असतं. मास्तर ऑपरेशननंतर मुलाकडे होते. आम्ही जिन्यातच मोजलं, छत्तीसपैकी अकरा खोल्या बाहेर. यातल्या सात जणांनी तुमच्या रकान्यांवर विश्वास ठेवून सही केली होती. पत्र दिलं नाही, नर्सने फाडलं. माझ्या त्या कागदाखाली कुणीतरी पेन्सिलने लिहिलंय, 'कमिशन किती?' मी ते पुसलं नाही. कुणाला काय सांगून पुसू?

तुम्हाला खोली हवी होती तर मागायची होती. सासूबाईंचं नाव आहे, तुम्ही त्यांची लेक, मी बाहेर पडले की तुम्ही पुढे होणार. माझ्यासाठी तिकडे पडदेसुद्धा लावून झालेत. इतक्या वर्षांत मी तुमच्याशी भांडले, अबोला धरला, पण तुम्ही खोटं बोलाल असं कधी वाटलं नव्हतं. मला फार लागलंय हे.

उत्तर द्यायचं तर खरं द्या. नाहीतर देऊ नका.

वहिनी

१० मार्च

प्रिय वहिनी,

प्रिय लिहिण्याचा हक्क राहिला नसेल, तरी लिहिते.

ओळ मीच काढली. पहिलं प्रूफ आलं त्या दिवशीच वाचली होती. तुझ्या खोलीवर हक्क सांगावा म्हणून नाही. ती ओळ पुन्हा वाच. तुझी खोली साडेचार महिने बंद होती म्हणून तू बाहेर, तर मी त्या घरातून जाऊन अडतीस वर्षं झाली. मला काय मिळणार? तुझा संशय बरोबर होता, फक्त तू त्याला चुकीचं नाव दिलंस.

मला तू हवी होतीस. खोली गेली की तू माझ्याकडे येशील, असा हिशेब केला. लिहिताना इतकं लाजिरवाणं दिसेल असं वाटलं नव्हतं. साडेचार महिने नव्हते, एकशे सदतीस दिवस होते. तू गेल्यावर मी मोजले. सकाळी मशीनचा आवाज सुरू झाला की मला वाटायचं, चला, घर उठलं. तू गेल्यापासून मी कामावरून आल्यावर बाहेरच्या खोलीतच बसते. चार वाक्यं बोलायची तर छापखान्यात, तीही कुणाच्यातरी चुकांबद्दल. खोलीच्या कागदावर तुझं नाव नाही हे कळलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. हेही सांगून टाकते, पुन्हा काही लपवायचं नाही म्हणून.

तुझ्या बिल्डिंगमधल्या बाकीच्यांचा मी विचारच केला नाही. नर्स, मास्तर, ती म्हातारी, माझ्या डोळ्यांपुढे कुणीच नव्हतं. तेच सगळ्यात वाईट झालं.

सोबत दुसरा कागद आहे, तो तुझ्या बिल्डिंगसाठी. त्यात तिन्ही पक्षांचं सगळं लिहिलंय, तळटिपांसकट. गुळगुळीतांचं 'परवडणारं' म्हणजे शहराच्या सरासरी कमाईवर, आणि त्या सरासरीत बंगलेवालेही धरलेत, तेही त्यात आहे. जाड्यांना भाडं वाढवायचं नाही हे खरं आहे, पण भाडेकरू कोणाला म्हणायचं ते त्यांनी लिहिलेलंच नाही, म्हणजे मृत माणसाच्या नावावरच्या खोल्यांचं काय ते विचारा. घडीवाल्यांची मदत किती महिने, तेही विचारा. तिघांकडूनही लेखी घ्या. खाली मी लिहिलंय की पहिल्या तक्त्यातली ओळ मी जाणूनबुजून गाळली, वहिनीला माहीत नव्हतं. माझं पूर्ण नाव आणि छापखान्याचं नाव घातलंय. तो जिन्यात लाव. पेन्सिलने लिहिणाऱ्याला उत्तर मिळेल.

वन्सं

१७ मार्च

प्रिय वन्सं,

तुमचा कागद मी लावला नाही, वाचून दाखवला. रविवारी संध्याकाळी सगळे जिन्यात बसले होते, खालच्या पायरीपासून गच्चीच्या दारापर्यंत. शेवटचं तुमचं लिहिलेलंही वाचलं. वाचू की नको असं झालं होतं. चूक झाली म्हटलं असतं तर तुमची अब्रू राहिली असती, पण आता इथे कुणाला अर्धवट काही सांगायची माझी हिंमत नाही. मग कंडक्टर म्हणाला, 'एवढं तर कुठलाच पक्ष लिहून देणार नाही.' लोक हसले. मला रडू आलं, तेही सगळ्यांसमोर.

तिन्ही उमेदवारांना तुमचे प्रश्न लेखी पाठवले. गुळगुळीतांचा माणूस येऊन म्हणाला, आजारपणाला सूट देऊ. 'लिहा,' म्हटलं तर पेन नाही म्हणाला. नर्सने पेन दिलं, तेव्हा त्याला फोन आला. घडीवाले आलेच नाहीत, नवीन पत्रक पाठवलं. जाड्यांचं उत्तर आलं की कामासाठी किंवा आजारपणासाठी गैरहजर असलेलाही भाडेकरूच धरला जाईल, आणि मृताच्या नावावरची खोली तिथे राहणाऱ्या वारसाची, सून धरून. मास्तरांनी उलटसुलट वाचून विचारलं, सही कुणाची? चिटणिसाची होती. उमेदवाराच्या सहीने आणा म्हणून परत पाठवलंय. मतदानाला चार दिवस आहेत. कुणालाच पाठिंबा दिलेला नाही. माझी खोली राहील की जाईल, आज सांगता येत नाही.

आता आपलं. मी अजून रागावलेली आहे. ते इतक्यात जाणार नाही आणि मी घालवणारही नाही. तुम्ही मला तुमच्या घरात आणायला आधी माझ्या घरातून काढायला निघालात. तुमचं पत्र आलं की आता मी त्यात काय नाही ते शोधत बसेन.

पण एक गोष्ट मीही तुम्हाला सांगितली नव्हती. त्या वेळी निघताना मी दारात चपला घालायला पाच मिनिटं लावली होती. पट्टा उगाच काढला, घातला. तुम्ही 'राहा' म्हणाल म्हणून. तुम्ही घड्याळाकडे बघून म्हणालात, 'बस चुकेल.'

राहा म्हणाला असतात तर मी राहिले असते, वन्सं. मशीन तिथेच होतं.

आता मात्र असं येणार नाही. खोली गेली म्हणून तुमच्या दारात उभी राहिले तर तुम्ही आणि मी, दोघींनाही रोज आठवेल मी कशी आले ते. खोली माझ्या नावावर राहिली तर कुलूप लावून मी स्वतःच्या पायांनी येईन, हवी तितकी राहीन, वाटलं तर परत येईन. म्हणजे मी यायला हवी असेल तर आता तुम्हालाच माझी खोली वाचवावी लागेल. जाड्यांचा उमेदवार उद्या तुमच्या छापखान्यात शेवटची पत्रकं घ्यायला येणार आहे, असं त्यांचा माणूस सांगत होता. म्हणून हे पत्र टपालाने न पाठवता कंडक्टरच्या हाती देतेय, सोबत त्यांच्या उत्तराची आम्ही उतरवलेली प्रत आहे. त्याला सहीशिवाय सोडू नका.

वहिनी